कर्मवीरांचा जमाखर्च

आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने जैन परंपरेने श्रेष्ठ मानली. त्यांतील ज्ञानदानासाठी कर्मवीर भाऊराव पाटील या जैन कुलोत्पन्न पुरुषाने सारे आयुष्य वेचले. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली ती साताऱ्यास आली.

वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीला बसत. तिजोरीत मात्र खडखडाट असे. शेतकरी धान्य देत, मुले श्रम करून शिकत. एकदा धान्य संपले, तेव्हा सौ. लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले. हीच संस्थेची खरी अनामत रक्कम होय.

कसोटीचा क्षण १९४८ साली आला. सरकारची अवकृपा होऊन मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. केवळ अनुदानावर उभी असलेली संस्था अशा वेळी कोसळली असती. ‘रयत’ टिकली, कारण तिच्यामागे असंख्य लहान दात्यांचा विश्वास होता. संत गाडगे महाराजही भाऊरावांच्या पाठीशी उभे राहिले आणि पुढे अनुदान पूर्ववत झाले.

संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. त्याची प्रत्येक पारंबी भूमीत रुजून नवे खोड होते. आपल्या पुण्यात हडपसरचे साधना विद्यालय ही त्याचीच शाखा.

विश्रांतवाडीतील आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी ताळेबंद वाचताना शिल्लक रकमेबरोबर दात्यांची संख्याही पाहावी. एका मोठ्या देणगीपेक्षा शंभर घरांची नियमित ओंजळ संस्थेला अधिक काळ जगवते.