समाजसेविकांचे शिक्षण : सेवासदनापासून कोसबाडपर्यंत आणि पुढे

दुसऱ्याच्या घरी जाऊन चार शब्द सांगावयाचे, आजारी बाळाची चौकशी करावयाची, यासाठी शिक्षण कशाला हवे? अंगी माया असली म्हणजे झाले, असे म्हणणारी माणसे पूर्वी पुष्कळ होती. आजही ती अगदी संपली आहेत असे नाही. परंतु ज्या घरात नवरा रोज पिऊन येतो, सासू सुनेला दवाखान्यात जाऊ देत नाही, आणि दोन वर्षांचे मूल अजून उभे राहत नाही, त्या घराच्या उंबरठ्यावर एकदा उभे राहून पाहावे. पहिला शब्द सासूशी बोलावा की सुनेशी? मुलाला जवळ घ्यावे की आधी पाणी मागून घरात बसावे? माया असलेली बाईदेखील तेथे गोंधळते. हे कोणी तरी कोणाला तरी शिकवावे लागते. ते आपल्या महाराष्ट्रात कसे शिकविले गेले याचा इतिहास मोठा वाचनीय आहे, आणि त्यातला सर्वांत मोलाचा भाग आपल्याच जिल्ह्यात, विरारहून डहाणूच्या गाडीत बसले की दोन-तीन तासांच्या वाटेवर घडलेला आहे.

आरंभ मात्र मुंबई-पुण्याचा. सन १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले, आणि दुसऱ्याच वर्षी पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुणे सेवासदनाचे काम सुरू झाले. गोपाळ कृष्ण देवधर हे त्या कामाचे दुसरे खांब. त्या काळी विधवेला घराच्या माजघराबाहेर जागा नव्हती. सेवासदनाने तिला शिक्षिका केले, परिचारिका केले. ससून इस्पितळात ब्राह्मण घरांतील विधवा जखमा बांधावयास उभ्या राहिल्या, तेव्हा पुण्यात केवढा गहजब झाला असेल याची कल्पनाच करावी. सेवा करणारीला आधी स्वतःच्या पायावर उभे केले पाहिजे, ही गोष्ट रमाबाईंनी ओळखली होती. पुढे निघालेल्या पुष्कळ योजनांना ती ओळखता आली नाही.

त्यानंतरची मोठी पायरी मुंबईच्या नागपाड्याची. क्लिफर्ड मॅनशर्ट नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९२६ साली तेथे नागपाडा नेबरहूड हाऊस हे वस्तीकेंद्र काढले होते. वस्तीत काम करणारी माणसे तयार करावयाची तर त्यासाठी रीतसर शाळा पाहिजे, हा विचार त्या कामातूनच पुढे आला. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या साह्याने १९३६ साली समाजकार्याचे शिक्षण देणारी भारतातील पहिली संस्था तेथे उघडली. तीच पुढे १९४४ साली टाटा समाजविज्ञान संस्था झाली आणि १९५४ साली देवनारला गेली. कामात आलेले अनुभव एकमेकांस कळावेत म्हणून या संस्थेने १९४० साली एक नियतकालिकही काढले. पुढे १९५५ साली मुंबईत निर्मला निकेतन आणि १९६३ साली पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था निघाली. या संस्थांचे उपकार मोठे आहेत. १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात छळ झालेल्या बायकांसाठी जो विशेष कक्ष सुरू झाला, तोही टाटा संस्थेनेच. पोलिसांच्या आवारात, खाकी कपड्यांच्या शेजारी, एक शिकलेली समाजसेविका बसलेली आहे, एवढ्याने किती बायकांना दार ओलांडण्याचे धैर्य आले!

तरीही एक गोष्ट राहतेच. ते नियतकालिक इंग्रजीत होते, आणि ते शिक्षण पदवीधरांसाठी होते. सातवी शिकलेली, शेणाने सारवलेल्या अंगणात पंचवीस पोरे सांभाळणारी बाई त्यात कोठे बसत होती? तिची सोय ताराबाई मोडकांनी केली.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा. बी. ए. झालेल्या, मोठ्या पगारावर नोकरी करू शकणाऱ्या या बाई गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाच्या कामात शिरल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला. त्या संघाची ‘शिक्षणपत्रिका’ आधी गुजरातीत आणि मग ताराबाईंनी मराठीत काढली. मूल हट्ट का करते, त्याला मारू नये तर काय करावे, अशा रोजच्या अडचणींबद्दल त्या पत्रिकेत साध्या भाषेत लिहिलेले असे. गावोगावच्या शिक्षिका ती वाचत. आपण हल्ली ज्याला ज्ञानाची देवघेव म्हणतो ती यापेक्षा निराळी काय असते?

सन १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या. दादरच्या सुखवस्तू मुलांमध्ये काम केलेल्या बाईंना खेड्यात वेगळेच दिसले. बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी ती हवी होती त्या वस्तीतली मुले येईनात. आई कामावर गेलेली, मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन बसलेली, येणार कोण? तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेण्यात आली. मुलांना आंघोळ घालावयाची, नखे काढावयाची, केस विंचरावयाचे, मग गाणी आणि खेळ. माँटेसरीबाईंची महागडी साधने कोठून आणणार? शंख-शिंपले, चिंचोके, पाने आणि गोटे हीच साधने झाली. अंगणातली वाडी, म्हणून अंगणवाडी. आज देशाच्या कानाकोपऱ्यात उच्चारला जाणारा हा शब्द आपल्या या किनारपट्टीवर जन्मला, याचा आपणां सर्वांना अभिमान वाटावयास हवा. पण शाळेच्या पुस्तकांतून तो फारसा सांगितला जात नाही.

त्याच वर्षी त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा, वयाने पस्तीस, पुण्यात शिक्षिका. कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात दोघींची गाठ पडली आणि अनुताई पुणे सोडून बोर्डीस आल्या त्या कायमच्याच. १९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारली मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात उभी राहिली, म्हणजे शाळेत येणाऱ्या मुलीला कडेवरचे भावंड पाळणाघरात ठेवता यावे. गुरे चारणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरविली. हा सारा वृत्तान्त अनुताईंनी ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या आपल्या आत्मकथनात लिहून ठेवला आहे. मंडळाच्या कपाटात ते पुस्तक नसेल तर अवश्य आणावे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते असे, की बोर्डी आणि कोसबाड येथे मुलांबरोबर सेविकाही तयार होत होत्या. शिकणाऱ्या मुली वर्गात बसून टिपणे घेत, पण खरा पाठ वस्तीतच होत असे. शिकविणारी स्वतः त्याच अंगणात काम करीत असल्यामुळे विद्यार्थिनीची अडचण तिला परकी नव्हती. वारली पोराशी पुस्तकी मराठीत बोलून भागत नाही, हे सांगावयास तज्ज्ञ बोलवावा लागत नव्हता; ते पहिल्याच दिवशी कळे. निर्मळच्या बायकांना याचा अर्थ लगेच ध्यानात येईल. आपल्याकडे घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलणारे मूल बालवाडीत गेले की प्रथम गप्प बसते. ते मंद नसते. बाईंची भाषा त्याच्या आईची नसते, एवढेच. स्वतः अनुताई पन्नाशी उलटल्यावर पदवीधर झाल्या! शिकविणाऱ्या बाईनेही शिकत राहावयाचे असते, हे कोसबाडला कोणास वेगळे सांगावे लागले नसेल. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. ताराबाई १९७३ साली आणि अनुताई १९९२ साली निवर्तल्या.

इकडे सरकारही जागे झाले होते. १९५३ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि दुर्गाबाई देशमुख त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. आपल्यासारख्या खेड्यापाड्यांतील महिला मंडळांना शिवणवर्गासाठी, बालवाडीसाठी अनुदान मिळू लागले ते तेव्हापासून. जुन्या सभासदांच्या घरी त्या काळची शिवणयंत्रे अजून असतील. मग २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ ठिकाणी प्रायोगिक म्हणून सुरू झाली. पुढे ती सर्वत्र पसरली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले.

नाव गेले, रीत मात्र सगळीकडे गेली नाही. योजना मोठी झाली की शिक्षणाचे काय होते ते पाहावे. वरच्यांनी मधल्यांना शिकवावे, मधल्यांनी खालच्यांना, आणि खालच्या सेविकेपर्यंत येईतो ओंजळीतले पाणी गळून जावे. रजिस्टर कसे भरावे हे तिला नीट समजते. ज्या घरी जेवणच नाही त्या घरच्या आईला चौरस आहाराविषयी काय सांगावे, ते तसेच राहते. १९९२ साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला. त्या अनर्थाची कारणे अनेक होती. रोजगार नव्हता, रस्ते नव्हते, दवाखाने लांब होते. एका सेविकेच्या शिक्षणावर त्याचा भार टाकणे अन्यायाचे होईल. पण कोसबाड आणि जव्हार ही तेव्हा एकाच ठाणे जिल्ह्यात होती, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून एकाच पालघर जिल्ह्यात आहेत. एका टेकडीवर जे ज्ञान जमले होते ते दुसऱ्या डोंगरावरच्या पाड्यात वेळेवर का पोहोचले नाही, हा प्रश्न मनातून जात नाही.

आता फोन आला आहे. २०१८ साली पोषण अभियान सुरू झाले आणि सेविकांच्या हाती मोबाइल देण्यात आले. १ मार्च २०२१ पासून पोषण ट्रॅकर हे ॲप आले. २०२० च्या महामारीत एकत्र बसणेच बंद झाल्यामुळे सर्वच क्षेत्रांतील प्रशिक्षणे ऑनलाइन झाली, आणि ती सवय मागे राहिली. यात वाईट काही नाही. मोखाड्याच्या सेविकेला दोन बसगाड्या बदलून, तान्हे मूल शेजारणीकडे ठेवून प्रशिक्षणाला जावे लागत असे. तोच धडा तिला घरी ऐकता आला तर कोणास नको आहे? बाळाला छातीशी कसे धरावे, उंची मोजताना टाचा कोठे टेकाव्यात, हे चित्रफितीत दिसते तसे व्याख्यानातून कधीच कळले नसते. पुन्हापुन्हा पाहता येते, हा तर मोठाच फायदा.

परंतु २०२१ साली राज्यातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले, तेही विसरून चालणार नाही. फोन निकृष्ट आहेत आणि ॲप इंग्रजीत आहे, ही त्यांची तक्रार होती. पुढे ॲपमध्ये मराठी आली. नागपाड्याचे इंग्रजी नियतकालिक आणि ताराबाईंची मराठी पत्रिका यांतला जो फरक वर सांगितला, तोच ऐंशी वर्षांनी पुन्हा उभा राहिला होता. फक्त कागदाच्या जागी काच आली.

भाषेची अडचण सुटली तरी दुसरी उरते. पडद्यावरील व्याख्यान एका बाजूने चालते. सेविका ऐकते, शेवटी बटण दाबते आणि पुरे झाल्याची नोंद होते. तिने काल पाहिलेल्या त्या एका घराविषयी विचारावयाचे कोणाला? पुस्तकात नसलेली अडचण दहा वर्षे काम केलेल्या दुसऱ्या सेविकेनेच सोडविलेली असते, आणि ती असते दोन पाड्यांपलीकडे. सेविकांनी फोनवर एकमेकींचे गट केले आहेत ते याचसाठी. मात्र त्या गटांतही वरून आलेले हुकूम आणि मागवलेले फोटो यांचीच गर्दी फार होते, असे अनेकींच्या तोंडून ऐकू येते. शिवाय तेथे घरच्यांची नावे, मुलांचे फोटो टाकले जातात. ज्या सुनेने विश्वासाने काही सांगितले तिचे नाव शंभर फोनांवर फिरता कामा नये, हा धडा कोणत्या चित्रफितीत आहे ते पाहावयास हवे.

आपले निर्मळ आता वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत आहे. वाड्या कमी झाल्या, इमारती वाढल्या, परगावची कुटुंबे भाड्याने राहावयास आली. त्यांच्या बायका पहाटे कामाला जातात आणि शेजारणीचे नावही त्यांना ठाऊक नसते. अशा वस्तीत काम करणाऱ्या अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांना बसावयास जागा नसते. आपल्या मंडळाची खोली दुपारी दोन ते चार रिकामी असते. महिन्यातून एक दुपार त्यांना ती द्यावी, भिंतीवर एखादा धडा सर्वांना मिळून पाहता येईल अशी सोय करावी, आणि धडा संपल्यावर दिवा लावून चहा ठेवावा. त्यानंतरच्या तासाभरात कोणत्या घरी काय झाले हे नावे न घेता बोलावयाचे. चहासाखरेचा खर्च येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात धरावा, असा ठराव सर्वसाधारण सभेपुढे आणावयाचा आहे.