गोरेपण ही 'मालमत्ता' कशी असू शकते? शेरिल हॅरिस यांची गाजलेली मांडणी समजून घ्या

१९३० च्या दशकातलं शिकागो. मिसिसिपीहून आलेली एक कृष्णवर्णीय महिला रोज सकाळी आपल्या वस्तीतून निघून शहरातल्या एका मोठ्या दुकानात कामाला जायची. कृष्णवर्णीय म्हणून तिला ही नोकरी मिळालीच नसती. पण तिचा रंग उजळ होता, केस सरळ होते. दुकानात सगळ्यांनी तिला गोरी समजलं आणि तिने ते खोडून काढलं नाही. सोबतच्या गोऱ्या बायका तिच्याशी गप्पा मारायच्या, पण ती खरी कोण हे त्यांना कळलं नाही. घर चालवायचं तर दिवसभर ओळख लपवणं भाग होतं.

या महिलेची नात म्हणजे अमेरिकेतल्या कायद्याच्या प्राध्यापक शेरिल हॅरिस. १९९३ मध्ये 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'मध्ये त्यांचा 'व्हाइटनेस अ‍ॅज प्रॉपर्टी', म्हणजे 'मालमत्ता म्हणून गोरेपण', हा दीर्घ लेख आला. त्यात सुरुवातीलाच आजीची ही गोष्ट येते.

मांडणी नेमकी काय आहे?

मालमत्ता म्हटलं की आपल्याला घर, जमीन, दागिने आठवतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र मालमत्ता म्हणजे हक्कांचा संच. वस्तू वापरण्याचा हक्क, तिचा फायदा घेण्याचा हक्क आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इतरांना दूर ठेवण्याचा हक्क.

हॅरिस म्हणतात, अमेरिकेत गोरेपणालाही असेच हक्क चिकटलेले होते. इथे गोरेपण म्हणजे निव्वळ त्वचेचा रंग नाही. कोण गोरं आणि कोण नाही, हे कायदा ठरवायचा आणि त्यावरून माणसाचं स्वातंत्र्य, जमीन, नोकरी ठरायची.

कायद्याने हे कसं घडवलं?

१६६२ मध्ये व्हर्जिनियात कायदा झाला की मूल गुलाम की स्वतंत्र, हे आईवरून ठरेल. त्यामुळे गुलाम स्त्रीला मालकापासून झालेलं मूलही मालकाची मालमत्ता ठरलं.

१८२३ मध्ये 'जॉन्सन विरुद्ध मॅकिंटॉश' खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मूळ रहिवाशांना जमिनीवर राहता येईल, पण खासगी व्यक्तींना ती विकून मालकी देता येणार नाही.

१८९६ चा 'प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन' खटला तर थेट मुद्द्यावर येतो. होमर प्लेसी यांच्या आठ पणजोबा-पणजींपैकी सात गोरे मानले जात. तरीही लुइझियानात रेल्वेच्या गोऱ्यांच्या डब्यात बसल्याबद्दल त्यांना अटक झाली. गोरं म्हणून ओळखलं जाणं ही मालमत्ताच आहे, असा युक्तिवाद त्यांच्या बाजूने झाला. ती मालमत्ता आहे असं वादापुरतं गृहीत धरून कोर्ट म्हणालं, प्लेसी गोरे नसतील तर त्यांचं काहीच हिरावलेलं नाही.

भेदभावाचे कायदे गेले, मग प्रश्न संपला का?

१९५४ च्या 'ब्राउन' निकालाने सरकारी शाळांमधलं वंशावर आधारित विभाजन बेकायदा ठरवलं. पण हॅरिस यांच्या मते, तोवर जमा झालेला फायदा तसाच राहिला आणि नंतर तीच परिस्थिती 'सामान्य' मानली गेली.

उदाहरण १९७८ च्या 'बाकी' खटल्याचं. कॅलिफोर्नियातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजने १०० पैकी १६ जागा अल्पसंख्याक गटांसाठी ठेवल्या होत्या. प्रवेश न मिळालेल्या गोऱ्या उमेदवाराने दावा केला आणि सुप्रीम कोर्टाने त्या राखीव जागा रद्द केल्या. गोऱ्या उमेदवाराच्या अपेक्षेला इथे हक्काइतकं संरक्षण मिळालं, असं हॅरिस म्हणतात.

याउलट, वंश पाहून प्रवेश देणं हाच भेदभाव आहे, असं विरोधक म्हणतात. २०२३ मध्ये हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने अशी प्रवेशपद्धत घटनाबाह्य ठरवली.

वाद अजून सुरूच आहे. हॅरिस यांचा मुद्दा मात्र साधा आहे. त्यांच्या आजीला आडवणारे नियम पुढे रद्द झाले, पण त्या नियमांमुळे ज्यांना नोकऱ्या, घरं आणि शिक्षण मिळालं, त्यांची ती कमाई पुढच्या पिढ्यांकडे गेली. त्याचा हिशोब समानतेच्या चर्चेत धरायचा की नाही, हा त्यांचा प्रश्न आहे.