तारण म्हणून भत्त्याचे पुस्तक : ब्रिटनमधील सावकारीचा एक अध्याय

सरकारी साहाय्याचा हक्क गहाण टाकता येऊ नये, हे तत्त्व जुने आहे. ब्रिटिश भारतात १८७१ च्या पेन्शन कायद्याने पुढे मिळावयाच्या पेन्शनचे हस्तांतर रद्दबातल ठरविले होते. खुद्द ब्रिटनमध्ये १९०८ च्या वृद्धापकाळ पेन्शन कायद्याने हेच तत्त्व स्वीकारले. तरीही सावकाराने त्यातून वाट काढली.

१९४५ च्या कुटुंबभत्ता विधेयकात ही रक्कम प्रथम पित्याला देण्याचे योजिले होते. एलिनॉर रॅथबोन यांच्या आग्रहामुळे ती मातेला मिळाली. ऑगस्ट १९४६ पासून पहिले अपत्य वगळून प्रत्येक अपत्यामागे आठवड्याला ५ शिलिंग मिळू लागले. त्यासाठी मातेला एक पुस्तक दिले जाई. त्यातील तारखेच्या पानावर सही केली की पोस्टात रोख रक्कम मिळे.

नेमके हेच पुस्तक सावकाराच्या हाती पडले. कर्ज देताना तो ते ठेवून घेई, भत्त्याच्या दिवशी पोस्टाच्या दारात परत देई आणि पैसे निघताच रकमेसह पुन्हा ताब्यात घेई. घरात पैसा उरला नाही की नवे कर्ज, असे हे चक्र होते. पित्याच्या हातून सोडविलेला पैसा अशा रीतीने सावकाराकडे गेला.

कायदे नव्हते असे नाही. १९२७ च्या कायद्याने वार्षिक ४८ टक्क्यांहून अधिक व्याज सकृद्दर्शनी अवाजवी मानले. १९७४ च्या कायद्यान्वये परवान्याविना सावकारी हा गुन्हा होता. १९९२ च्या सामाजिक सुरक्षा प्रशासन कायद्याच्या कलम १८२ नुसार कर्जापोटी असे पुस्तक बाळगणे हाही गुन्हा ठरतो. परंतु तक्रार करावी तर मारहाणीची भीती, शिवाय पुढच्या अडचणीला कर्ज कोण देणार, हा प्रश्न. बँकेची दारे अशा कुटुंबांना बहुधा बंदच असत.

२००३ ते २००५ या काळात पुस्तके जाऊन भत्ते खात्यात जमा होऊ लागले. तेव्हा सावकार पुस्तकाऐवजी कार्ड व त्याचा गुप्त क्रमांक मागू लागले. २००४ मध्ये बर्मिंगहॅम व ग्लासगो येथे बेकायदा सावकारीविरुद्ध खास पथके प्रायोगिक तत्त्वावर नेमण्यात आली.

तात्पर्य, कायद्याने हक्क अबाधित राखला. पण तो वसूल करण्याचे साधन गरजवंताच्या हातून निसटत राहिले. साधन बदलले तरी गरज तीच राहिली. म्हणूनच शिक्षेच्या तरतुदीइतकेच महत्त्व १९७९ च्या कायद्याने मान्यता मिळालेल्या सभासदांच्या पतसंस्थांना आहे. अडल्या वेळी रास्त व्याजाने लहानसे कर्ज मिळाले, तरच भत्ता घरातल्या मुलांपर्यंत पोहोचतो.