श्वासाच्या भिंतीने दिलेली हाक : १९१८ ची मुंबई आणि फुप्फुसाच्या अस्तराचा शोध

१० जून १९१८ रोजी मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले. त्यांपैकी एकाची नेमणूक गोदीवर होती. हा ताप हिवतापाचा नव्हता. इन्फ्लुएन्झाची ती पहिली लाट तुलनेने सौम्य ठरली. सप्टेंबरात आलेली दुसरी मात्र संहारक होती. ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. रेल्वेमार्गांनी साथ देशभर पसरली. गंगाकाठच्या डलमऊ येथे प्रेतांनी भरलेली नदी पाहिल्याचे हिंदी कवी सूर्यकांत त्रिपाठी ‘निराला’ यांनी पुढे लिहून ठेवले. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली.

या साथीने वैद्यकापुढे एक कोडे टाकले. न्यूमोनिया सहसा तान्ह्या मुलांना आणि वृद्धांना गाठतो. येथे वीस ते चाळीस वयाचे धडधाकट लोक मरत होते. रुग्णांचे ओठ निळे पडत, आणि शवविच्छेदनात फुप्फुसे रक्ताळलेल्या द्रवाने भरलेली आढळत. अनेक जण १८९२ मध्ये फायफर यांनी वर्णिलेल्या जिवाणूला दोष देत होते. मानवी इन्फ्लुएन्झाचा विषाणू हाती लागला तो १९३३ मध्ये.

ज्या भिंतीवर हा घाला पडला, तिचे स्वरूपही तेव्हा नीट माहीत नव्हते. फुप्फुसातील कोट्यवधी वायुकोशांना पेशींचे सलग अस्तर असते की त्यांतील केशवाहिन्या उघड्याच असतात, हा वाद १९५० पर्यंत मिटला नव्हता. ही भिंत जागोजागी एक मायक्रॉनहूनही पातळ असल्याने साध्या सूक्ष्मदर्शकाला ती निश्चितपणे दिसत नसे. अखेर १९५२-५३ मध्ये फ्रँक लो यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने अस्तर सलग असल्याचे दाखवले.

अस्तराच्या कार्याचा पहिला सुगावा भौतिकशास्त्राने दिला होता. फुप्फुस हवेपेक्षा द्रवाने फुगवणे सोपे जाते, हे कुर्ट फॉन नीरगार्ड यांनी १९२९ मध्ये मोजून दाखवले. हवा आणि द्रव यांच्या सीमेवरील पृष्ठताण फुप्फुसाला आकुंचित करू पाहतो, हा त्याचा अर्थ. तो ताण कमी करणारे पृष्ठसक्रिय द्रव्य अस्तरातील दुसऱ्या प्रकारच्या पेशी तयार करतात, हे पुढील दशकांत स्पष्ट झाले. या पेशी मेल्या की वायुकोश मिटू लागतात आणि त्यांत पाणी शिरते.

१९६७ मध्ये डेन्व्हर येथील अ‍ॅशबॉ व सहकाऱ्यांनी अशा बारा रुग्णांचे वर्णन केले. कोणाला अपघात झाला होता, कोणाला विषाणुसंसर्ग, कोणाला स्वादुपिंडाचा दाह. फुप्फुसांची अवस्था मात्र सारखीच होती. कारणे भिन्न असूनही परिणाम एकच का, या प्रश्नाला प्रारंभी मिळालेल्या उत्तरांत मुख्य आरोपी होत्या रक्तातील पांढऱ्या पेशी. अस्तर केवळ बळी मानले जाई.

ही समजूत पेशीविज्ञानाने बदलली. १९८६ मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन प्रतिकारपेशींत शोधले. दाहाशी संबंधित अनेक जनुके चालू करणारी ही कळ अस्तराच्या पेशींतही असते, हे नंतर कळले. जंतूची खूण पटताच या पेशी इंटरल्युकिन-८ सारखे रासायनिक संदेश सोडतात आणि रक्तातील न्यूट्रोफिल पेशींना बोलावून घेतात. आलेल्या पेशी जंतू मारतात, तशाच भिंतीलाही इजा करतात. जखमी भिंत पुन्हा हाक देते, आणि चक्र सुरू राहते. म्हणजे अस्तर बळी असते, तसेच हाक देणारेही.

२००५ मध्ये १९१८ चा विषाणू जतन केलेल्या ऊतींतील जनुकक्रमावरून प्रयोगशाळेत पुन्हा घडवण्यात आला. उंदरांत आणि पुढे माकडांत त्याने फुप्फुसांचा अनावर दाह घडवला. तथापि, तेव्हाचे बहुसंख्य मृत्यू विषाणूने उघड्या पाडलेल्या अस्तरावर जिवाणूंनी केलेल्या दुसऱ्या हल्ल्याने झाले, असे ऊतींचे परीक्षण सांगते. तरुणच अधिक का मेले, याचे एकमुखी उत्तर आजही नाही.

या ज्ञानाने उपचार बदलले. अस्तराच्या पेशी अतिरेकाने ताणल्या तरी त्या दाहाचे संदेश सोडतात. म्हणून कृत्रिम श्वासही बेतानेच द्यावा लागतो. २००० साली ८६१ रुग्णांवरील चाचणीत श्वासाचे आकारमान देहभाराच्या प्रत्येक किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर ठेवले, तेव्हा मृत्यूचे प्रमाण ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आले. २०२० मध्ये डेक्सामेथासोन या दाहशामक स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरील कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटवले. ज्यांना प्राणवायूचीही गरज नव्हती, त्यांना मात्र त्याचा लाभ झाला नाही.

या शेवटच्या निष्कर्षातच पुढील संशोधनाची दिशा आहे. अस्तराची हाक मुळीच उठली नाही, तर जंतू मोकाट सुटतील. ती थांबलीच नाही, तर फुप्फुस बुडेल. ती कोणत्या घटकेला शमवावी, हे ठरवणे ही आजच्या फुप्फुसविज्ञानाची खरी कसोटी आहे.