पोंग्यातली वाटणी

1966 ची दिवाळी तोंडावर आली आहे आणि तुम्ही गेवराईच्या काळ्या रानात उकिडवे बसला आहात. तिफणीनं पेरलेली रब्बीची ज्वारी जेमतेम गुडघ्याला लागतेय. पलीकडच्या पट्टीत कुणीतरी कोळपं धरलंय. एका ताटाचा पोंगा हळूच उलगडा. तळाशी पान अजून पांढुरकं, ओलसर आहे. तिथंच उतरायचं, केसाहून हजारपट बारीक व्हा.

आता तुम्ही एका पेशीच्या आत आहात. भिंतीपलीकडे पर्णरंध्राची मातृपेशी आहे. तिला दोन्ही अंगांना एकेक साहाय्यक पेशी लागते, आणि त्यातली एक तुमच्या पेशीतून निघायची आहे. केंद्रक त्या भिंतीकडे सरकतं. मग पेशीच्या आतल्या कडेनं सूक्ष्मनलिका जमू लागतात, प्रत्येकीची जाडी सुमारे 25 नॅनोमीटर. कोपरा तोडावा तसा त्यांचा वळणदार पट्टा बनतो. गुणसूत्रांची वाटणी अजून सुरूही झालेली नाही.

आणि पट्टा चक्क विरून जातो! पुढे तर्कू उभा राहतो, गुणसूत्रं दोन्हीकडे जातात, मधोमध नवी भिंत धरते आणि कडांकडे पसरते. ती टेकते कुठं? पट्टा होता तिथंच. भावकीच्या वाटणीत मोजणीची दोरी गुंडाळून न्यावी आणि बांध नेमका त्याच रेषेवर पडावा, तसं. इथं चूक मागाहून सुधारता येत नाही. वनस्पतीची पेशी शेजारणींना जखडलेली, उठून दुसरीकडे जाऊन बसायची सोय नाही.

हा पट्टा पिकेट-हीप्स आणि नॉर्थकोट यांनी याच वर्षी केंब्रिजहून जगापुढे मांडला, गव्हाच्या पेशींत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यापुढे होते मेलेल्या पेशींचे काप: एकात पट्टा, दुसऱ्यात भिंत. मधला क्रम त्यांनी डोक्यानं जुळवला. तुम्ही तो घडताना पाहिलात, हा वशिलाच म्हणायचा.

तसेच 1996 मध्ये या. लॉरी स्मिथ आणि सहकाऱ्यांचा, एक जनुक बिघडलेला ‘टँगल्ड’ मका बघा. पेशींच्या भिंती वाकड्यातिकड्या पडल्यात, तरी पानाचा आकार जवळपास जसाच्या तसा! पेशींच्या विटा रचून पान बनतं, हे शाळेतलं चित्र इथं पार कोलमडतं, आणि मला ते कोलमडलेलंच बरं वाटतं. या बिघडलेल्या जनुकाच्या प्रथिनाचा अराबिडॉप्सिसमधला भाऊबंद 2007 मध्ये सापडला तो मात्र मोक्याच्या जागी: पट्टा विरल्यावरही, नवी भिंत येईपर्यंत, रेषेवर ठाण मांडून बसलेला.