मास्तरांचा सिनेमा

१९३८ साली ‘ब्रह्मचारी’ पडद्यावर आला आणि मीनाक्षी शिरोडकर यांच्या पोहण्याच्या पोशाखाने महाराष्ट्रात गहजब उडाला. त्या पोशाखाची चर्चा इतकी झाली, की चित्रपटाचा खरा नेम कशावर होता याकडे थोडे दुर्लक्षच झाले. ब्रह्मचर्यावरचे भाषण ऐकून भारावलेला औदुंबर नावाचा तरुण नटींची चित्रे घराबाहेर काढतो, शरीर कमवायला लागतो, संसाराला नकार देतो. मग किशोरी त्याच्या आयुष्यात येते आणि सगळा निग्रह डळमळू लागतो. त्या काळी गावोगाव दिसणाऱ्या व्यायामी वीरवृत्तीची अशी भरपेट थट्टा मराठी पडद्यावर आधी झाली नव्हती. औदुंबर होते मास्टर विनायक, आणि त्याला जन्माला घालणारे लेखक होते प्रल्हाद केशव अत्रे.

अत्रे म्हटले की आज आठवते ती संयुक्त महाराष्ट्राची सभा, ‘मराठा’चा अग्रलेख आणि विरोधकांची उडवलेली दाणादाण. हे सगळे खरेच आहे. पण त्याआधीची जवळजवळ दोन दशके हा माणूस पटकथाकार आणि निर्माता म्हणून मराठी सिनेमात ठाण मांडून बसला होता, आणि त्या कामाचे मोल अजून पुरते झालेले नाही.

सासवडजवळच्या कोडीत खुर्द इथे १३ ऑगस्ट १८९८ रोजी त्यांचा जन्म झाला. पेशा शिक्षकाचा. लंडनला जाऊन अध्यापनाचे शिक्षण घेतले, पुण्याच्या कॅम्प भागात शाळा नावारूपाला आणली, मुलांसाठी ‘नवयुग वाचनमाला’ तयार केली. ‘झेंडूची फुले’मधल्या विडंबनांनी कवींना घाम फोडला होताच. १९३३ च्या ‘साष्टांग नमस्कार’पासून रंगभूमीही त्यांची झाली. बोलपट तेव्हा नुकताच बोलू लागला होता आणि त्याला बोलण्याजोगे काही लिहून देणारी माणसे हवी होती. नाट्यगृहातला हशा कुठल्या शब्दावर येतो हे रोज अनुभवणारा लेखक त्याला मिळाला.

कोल्हापूरला १९३६ साली बाबूराव पेंढारकर, मास्टर विनायक आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी ‘हंस पिक्चर्स’ काढली. सुरुवातीचा ‘छाया’ वि. स. खांडेकरांनी लिहिला. अत्रे आले ते ‘धर्मवीर’ आणि ‘प्रेमवीर’ घेऊन, १९३७ मध्ये. ‘धर्मवीर’चे मूळ इब्सेनच्या नाटकात होते. समाजात प्रतिष्ठित म्हणून मिरवणाऱ्यांचा बुरखा फाडणे हा इब्सेनचा विषय, आणि अत्र्यांचाही. पुढच्याच वर्षी ‘ब्रह्मचारी’ आला आणि १९३९ मध्ये ‘ब्रँडीची बाटली’.

ही ‘बाटली’ जरा थांबून पाहण्यासारखी आहे. मुंबई इलाख्यात काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते, मुंबईत दारूबंदी येत होती. विषय चर्चेत होता. त्यावर उपदेशपर बोलपट काढणे सोपे होते. अत्र्यांनी नायक केला तो दारूचा थेंबही न शिवलेला, म्युनिसिपालिटीतला एक गरीब कारकून, बगाराम. प्रेयसीच्या आजारी भावाला औषध म्हणून ब्रँडी हवी आणि ही ब्रँडी मिळते कुठे, हेच त्याला ठाऊक नाही! दामूअण्णा मालवणकरांचा तिरळा डोळा आणि भाबडा चेहरा यांनी त्या शोधाला जी रंगत आणली, तिच्यामुळे प्रेक्षक दारूच्या दुनियेत बगारामच्या निष्पाप नजरेने फिरले. चांगला शिक्षक धडा सुरू झाल्याचे वर्गाला कळू देत नाही; इथे नेमके तेच घडले.

त्यानंतर ‘नवयुग चित्रपट’ संस्था उभी राहिली. १९४० च्या ‘लपंडाव’मधून वनमाला पडद्यावर आल्या. पुण्यात शिक्षिका असलेल्या या तरुणीला सिनेमात आणण्याचे श्रेय अत्र्यांचेच. पुढे ‘नवयुग’मध्ये मतभेद झाले आणि अत्रे स्वतःच निर्माते झाले. ‘पायाची दासी’ (१९४१) मध्ये त्यांनी सासुरवासाला हात घातला. दिग्दर्शक गजानन जागीरदार, सून वनमाला आणि सासू दुर्गा खोटे. हिंदीत तो ‘चरणों की दासी’ या नावाने गेला आणि दुर्गाबाईंच्या सासूला बंगालच्या चित्रपट पत्रकारांनी पुरस्कार दिला. लगेच शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’वरून ‘वसंतसेना’ आला.

मात्र त्यांच्या लेखणीची सर्वात अवघड परीक्षा पाहिली ती ‘श्यामची आई’ने. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेले हे पुस्तक घराघरात पोहोचले होते. पण ते एक सलग कथानक नव्हे. श्याम रात्रीमागून रात्र आठवणी सांगतो, प्रत्येक आठवण आपल्या जागी पूर्ण होते. अशा आठवणींतून चढत जाणारी पटकथा काढायची, आणि पुस्तक पाठ असलेल्या वाचकाला परके वाटता कामा नये! निर्मिती, पटकथा आणि दिग्दर्शन अत्र्यांनी स्वतःकडे ठेवले. आईची भूमिका वनमालांना आणि श्यामची माधव वझे या मुलाला दिली. संगीत वसंत देसाईंचे. मराठीतल्या सर्वात मोठ्या हास्यलेखकाने १९५३ मध्ये सगळ्या महाराष्ट्राला रडवले. साने गुरुजी मात्र ते पाहायला नव्हते. १९५० च्या जूनमध्येच ते गेले होते. पहिल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक या चित्रपटाला मिळाले. बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ त्याच वर्षीच्या स्पर्धेत होता, हे सांगितले म्हणजे त्या पदकाचे वजन कळते.

असे यश मिळाल्यावर निर्माता पुन्हा तशीच एखादी आई शोधतो. अत्र्यांनी जोतीराव फुले निवडले. फुले घराण्याचे खानवडी हे गावही पुरंदर तालुक्यातलेच, म्हणजे अत्र्यांच्या शेजारचे. चित्रपटाचा मुहूर्त जानेवारी १९५४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते झाला, सुरुवातीला गाडगेबाबांचे कीर्तन आले आणि जोतीराव साकारले बाबूराव पेंढारकरांनी. फुल्यांचे नाव पाठ्यपुस्तकांत आणि चौकांत सर्रास दिसण्याच्या कितीतरी आधी हे धाडस झाले होते. मला तरी अत्र्यांच्या सिनेमातली ही सर्वात मोठी कामगिरी वाटते. उत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रपती रौप्यपदक ‘महात्मा फुले’ला मिळाले.

नोव्हेंबर १९५६ मध्ये ‘मराठा’ सुरू झाला आणि अत्र्यांची लेखणी राज्याच्या लढ्यात गुंतली. १३ जून १९६९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ‘श्यामची आई’ने मिळवलेला सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटाचा मान मराठीला पुन्हा मिळाला तो २००४ साली, ‘श्वास’मुळे, म्हणजे तब्बल पन्नास वर्षांनी.