वऱ्हाडातली सून आणि नागरिकत्वाचा कायदा

मंडळी, आज आपण फाळणीच्या इतिहासाला कायद्याच्या बाजूने भिडू. सिंधी निर्वासित अमरावतीच्या रामपुरी कॅम्पात आले, अकोल्याच्या सिंधी कॅम्पात आले, पुढे बाजारात दुकानं थाटली, हे आपण ऐकलेलं असतं. पण ही माणसं भारताची नागरिक झाली कधी, हे आपण सहसा विचारत नाही.

राज्यघटनेच्या सहाव्या कलमाने तारीख घातली, 19 जुलै 1948. अखंड भारतात जन्मलेला माणूस त्याआधी पाकिस्तानातून येऊन इथे राहिला असेल, तर तो नागरिक. नंतर आला असेल, तर सहा महिने राहून नोंदणी करायची. सहा महिने म्हणजे काय हो, वऱ्हाडातला एक कपाशीचा हंगाम! 1955 च्या नागरिकत्व कायद्यानेही भारतीय वंशाच्या माणसाला मुदत सहा महिन्यांचीच ठेवली. नागरिकाशी लग्न झालेल्या बाईला तर मुदतच नव्हती.

आता गोष्ट अशी, की घरं विभागली तरी सोयरीक संपत नाही. काही कुळं सिंधमध्येच राहिली. तिकडची लेक इकडे दिली, की ती व्हिसावर येणार, इथे संसार मांडणार आणि कागदाची वाट पाहणार.

ही वाट लांबत गेली. 1986 च्या दुरुस्तीने नागरिक बाईच्या परदेशी नवऱ्यालाही नोंदणीचा मार्ग मोकळा केला, हे बरंच झालं. पण नवरा असो की बायको, पाच वर्षांचा रहिवास सक्तीचा केला. 2003 च्या दुरुस्तीने त्याची सात वर्षं केली. आमच्या मते यामागे वऱ्हाडातलं एकही कारण नव्हतं. सरकारच्या डोळ्यांपुढे आसाम होता, बांगलादेशातून होणारी घुसखोरी होती. वाद ब्रह्मपुत्रेकाठचा, वनवास मात्र रामपुरी कॅम्पातल्या सुनेला.

आणि बाळाचं काय? 3 डिसेंबर 2004 पासून नियम असा, की आईबापांपैकी एक नागरिक हवा आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नको. व्हिसाची मुदत उलटली की माणूस त्या व्याख्येत जातो. म्हणजे आईचा व्हिसा संपलेला असला, तर बाप भारतीय आणि जन्म अमरावतीचा असूनही मूल जन्माने नागरिक ठरत नाही. तत्त्वज्ञान शिकवताना आम्ही पोरांना सांगायचो, की व्याख्या जपून करा, तिच्यात माणसं अडकतात.

डिसेंबर 2016 मध्ये पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातल्या सहा अल्पसंख्य समाजांसाठी अधिकार खाली दिले गेले. महाराष्ट्रात नागपूर, मुंबई, पुणे, ठाणे इथल्या जिल्हाधिकाऱ्यांना ते मिळाले. अमरावती, अकोला त्यात नाहीत. इथली फाईल मुंबईला, गृहसचिवांकडे. नागपूर दीडशे किलोमीटरवर, तिथे मात्र सही जिल्ह्यातच!

2019 च्या कायद्याने याच समाजांतल्या, 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्यांची बेकायदेशीरपणातून सुटका केली. त्याचे नियम यायला मार्च 2024 उजाडला. कराचीहून अकोल्याच्या मुसलमान घरात आलेल्या सुनेला यातलं काहीच लागू नाही. तिची सात वर्षं सातच.